गरोदरपणी तोडणीचा प्रवास : निघावे की थांबावे?

सभासद बंधूंनो, टोळी ठरवताना आपण कोयते मोजतो; त्यातली गरोदर बाई मोजत नाही. धारणीहून परतवाड्याचा रस्ता हरिसाल, सेमाडोहवरून, घाटाचा अन् जंगलाचा. ३६ आठवडे, म्हणजे आठ महिने सरले की दूरचा प्रवास टाळावा. कळा वाटेतच लागू शकतात. जुळं, वाढलेला रक्तदाब किंवा आधीचं सिझेरियन असेल, तर त्याआधीच धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात विचारावं. निघावंच लागलं तर ट्रॉलीत बसवू नका, तपासणीचं कार्ड सोबत ठेवा, दर दोन तासांनी थांबा. रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणं, तीव्र डोकेदुखी, बाळाची हालचाल मंदावणं दिसलं की लगेच १०८ ला फोन करा. उचल पुढल्या हंगामात फिटेल. गेलेला जीव परत येत नाही.

— ऊस विकास अधिकारी