नव्या घराचे संडास-बाथरूम : कमी पैशांत टिकाऊ सामान कसे घ्यावे?

घर बांधणारा माणूस पायापासून स्लॅबपर्यंत पैशापैशाचा हिशेब ठेवतो. सिमेंटची गोणी, सळई, विटा, वाळू यांचे भाव त्याला तोंडपाठ असतात. संडास-बाथरूमच्या सामानाची पाळी येते तेव्हा मात्र हातातले पैसे संपत आलेले असतात आणि राहायला जायची तारीख ठरलेली असते. मग मिस्त्री सांगेल त्या दुकानात जायचे, चकाकणारा सेट पाहायचा, थोडी घासाघीस करायची आणि टेम्पोत टाकून आणायचा, अशी ही खरेदी उरकली जाते. कापड पसंत पडले नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी बदलून नेते. सिमेंटात बसलेला कमोड कोणी बदलून देत नाही. म्हणून ही खरेदी घाईने करण्यासारखी नाही.

आम्हा कापडवाल्यांत एक रीत आहे. मीटरचा भाव ऐकून कापड स्वस्त की महाग ते ठरवायचे नाही; ते किती धुण्या टिकेल ते पाहायचे. सॅनिटरी सामानालाही हाच नियम लागू आहे. त्याची किंमत तीन हप्त्यांत जाते : पहिली दुकानात, दुसरी बसवणाऱ्याच्या मजुरीत आणि तिसरी पुढची पंधरा-वीस वर्षे पाणी व दुरुस्तीवर. या तिन्हींची बेरीज जिथे कमी, तो माल स्वस्त.

आधी पाणी पाहा

आपल्या धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यात सामान निवडताना पहिला प्रश्न रंगाचा नाही, पाण्याचा आहे. शहरासाठी पाणी सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणातून आणावे लागते. 2016 साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. अशा मुलखात फ्लशची टाकी निवडणे म्हणजे रोजचा पाण्याचा खर्च ठरवणे होय.

हिशेब सोपा आहे. जुन्या पद्धतीची टाकी एका वेळी सुमारे 10 लिटर पाणी सोडते. घरात पाच माणसे आणि प्रत्येकाने दिवसातून पाच वेळा फ्लश केला, तर 250 लिटर पाणी गेले. दोन बटणांच्या टाकीत मोठे बटण 6 लिटर आणि छोटे 3 लिटर सोडते. माणशी एकदा मोठे व चार वेळा छोटे बटण धरले तर 18 लिटर होतात. पाच माणसांचे 90. दिवसाला 160 लिटर वाचले. महिन्याला 4,800 लिटर, म्हणजे जवळपास पाच हजार लिटरचा एक टँकर. टंचाईच्या महिन्यात टँकरला आपण काय मोजतो ते प्रत्येकाला ठाऊक आहे. दोन टाक्यांच्या किमतीतला फरक त्यापुढे किती, हे वाचकांनी स्वतः मांडून पाहावे.

मात्र एक अट आहे. टाकी आणि भांडे जोडीनेच घ्यावे. जे भांडे 10 लिटरच्या लोंढ्याने साफ व्हायचे म्हणून घडवले आहे, ते 6 लिटरमध्ये नीट साफ होत नाही; मग बटण दोनदा दाबावे लागते आणि बचत तिथेच संपते. भांडे किती लिटरचे आहे, ते दुकानदाराला विचारून कंपनीच्या कागदावर पाहून घ्यावे.

खेड्यात, जिथे गटार नाही व दोन शोषखड्ड्यांचा संडास बांधायचा आहे, तिथे शहरी भांडे नेऊ नये. त्यासाठी तीव्र उताराचे ग्रामीण पॅन मिळते. त्याच्या ट्रॅपमध्ये पाण्याची पातळी फक्त 20 मिलिमीटर असते, त्यामुळे दीड ते दोन लिटर पाण्यात, एका तांब्या-बादलीत, ते साफ होते. शहरी ट्रॅपमध्ये हीच पातळी 50 मिलिमीटर असते, म्हणून त्याला पाणी जास्त लागते. ग्रामीण पॅन किमतीलाही हलके असते.

बैठक कोणती?

भारतीय की पाश्चात्त्य, यावर घरात वाद होतो. उत्तर घरातल्या माणसांच्या गुडघ्यांत आहे. आज म्हातारे आई-वडील घरात आहेत, आणि वीस वर्षांनी आपणच म्हातारे होणार आहोत. दोन संडास असतील तर एक भारतीय आणि एक कमोड करावा. एकच असेल व घरात वयस्कर माणूस असेल तर कमोड घ्यावा आणि बाजूच्या भिंतीत धरण्यासाठी एक मजबूत दांडी बसवावी. दांडीला फार पैसे लागत नाहीत. म्हातारपणी पडून खुब्याचे हाड मोडले तर काय खर्च येतो, हे सांगायला नको.

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट पाहिली जाते. बैठकीचे तोंड किंवा पाठ किब्ल्याकडे नसावी. आपल्या भागातून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला आहे. म्हणून बैठक उत्तर-दक्षिण ठेवतात. हे मिस्त्रीला चेंबर व पाइप टाकण्याआधी सांगावे. फरशी झाल्यावर आठवण झाली तर फोडाफोडीशिवाय इलाज राहत नाही.

वुजूसाठीही आधीच विचार करावा. उभ्याने बेसिनमध्ये पाय धुण्याने बेसिन ढिले होते आणि घसरून पडण्याची भीती असते. त्यापेक्षा बाथरूमच्या कोपऱ्यात बसायला एक ओटा, समोर बारीक धारेचा एक नळ आणि खाली जाळी एवढी सोय पुरेशी आहे. बेसिनही मग लहान चालते.

माप घेतल्याशिवाय दुकानात जाऊ नये

कमोडचे पाणी जाण्याचा मार्ग दोन प्रकारचा असतो. जमिनीत जातो तो एस ट्रॅप आणि मागच्या भिंतीत जातो तो पी ट्रॅप. मिस्त्रीने पाइप जमिनीत ठेवला आणि आपण पी ट्रॅपचा कमोड आणला, तर खेप वाया गेली. एस ट्रॅपमध्येही भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंतचे अंतर महत्त्वाचे असते. बाजारात साधारण 4, 9 व 12 इंची असे प्रकार चालतात. हे अंतर टाइल्स लावून झालेल्या भिंतीपासून मोजावे. विटेच्या भिंतीपासून मोजले तर प्लास्टर व टाइलची जाडी माप चुकवते.

भिंतीला टांगलेला कमोड दिसायला सुरेख असतो व खालची फरशी पुसायला सोपी जाते. पण चार इंची विटेच्या भिंतीवर तो टांगू नये. त्याला आतून लोखंडी सांगाडा किंवा काँक्रीटचा आधार हवा. ज्यांच्या घराचे छत भिंतींवरच पेललेले आहे, त्यांनी पाइप लपवण्यासाठी भिंतीत लांब आडव्या खाचा मारू नयेत. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाने आपल्या उमरगा-लोहारा भागाला भिंतीची किंमत शिकवली आहे. पाइप बाहेरून गेला तर शोभा थोडी कमी होते, पण भिंत शाबूत राहते आणि गळती लगेच दिसते.

माल कसा तपासावा?

कापडात जसा फ्रेश आणि सेकंड माल असतो, तसाच सॅनिटरीतही असतो. सेकंड माल घेणे वाईट नाही; पण सेकंडचा भाव देऊन घ्यावा, फ्रेशचा नव्हे. तपासणी अशी करावी :

1) भांडे सपाट फरशीवर ठेवून हलवावे. डुगडुगले तर बुड वाकडे आहे.

2) नाण्याने हलकेच ठोकावे. खणखणीत आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे.

3) उजेडात तिरके धरून झिलई पाहावी. केसासारख्या रेषा, फोड, पांढरे डाग असतील तर तिथे पुढे मळ धरतो.

4) बुडाला जिथे झिलई नसते तिथे पाण्याचा थेंब टाकावा. चांगला भाजलेला माल पाणी पीत नाही. आय. एस. 2556 या भारतीय मानकानुसार या मालाने अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त पाणी शोषू नये.

5) रंगीत सेट घेत असाल तर कमोड, टाकी, बेसिन एकाच वेळी, एकाच लॉटचे घ्यावे. दोन ताक्यांचा रंग जसा जुळत नाही तसा दोन भट्ट्यांचाही जुळत नाही. मध्यम घरासाठी पांढरा उत्तम. दहा वर्षांनी बेसिन फुटले तरी जोड मिळते.

नळ आणि शॉवर

मातीचे भांडे वर्षानुवर्षे टिकते; बिघडतो तो नळ. पितळी नळ हातात जड लागतो. लोहचुंबक चिकटला तर ते पितळ नव्हे. मात्र चिकटला नाही म्हणून पितळच आहे असेही नाही. वजन आणि आतली आटी पाहावी. बोअरचे जड पाणी असेल तर नळावर पांढरा थर धरतो, आणि टँकरच्या पाण्यातली बारीक रेती अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नळाच्या चकत्या खाऊन टाकते. म्हणून टाकीतून खाली येणाऱ्या पाइपला एक जाळीचा गाळणा बसवून घ्यावा.

शॉवर घेताना टाकीची उंची मोजावी. टाकीतले पाणी शॉवरपेक्षा 10 मीटर उंच असेल तेव्हा एक बार दाब मिळतो. एकमजली घराच्या छतावरची टाकी शॉवरपेक्षा जेमतेम दोन-तीन मीटर उंच असते. एवढ्या दाबावर मोठ्या ताटाएवढा शॉवर पाऊस पाडत नाही, नुसता ठिबकतो. तिथे साधा लहान शॉवर आणि एक बादलीचा नळ हेच कामाचे.

काटकसर कुठे करावी?

जे भिंतीत व जमिनीत जाते तिथे काटकसर नको. पाइप, जोड, ट्रॅप, वॉटरप्रूफिंग आणि प्रत्येक टाकी-बेसिनखालचा बंद करण्याचा अँगल कॉक चांगलाच घ्यावा. अँगल कॉक असला म्हणजे एक वॉशर बदलण्यासाठी साऱ्या घराचे पाणी बंद करावे लागत नाही. जे बाहेर दिसते व चार स्क्रू काढून बदलता येते, ते साधे चालते : आरसा, टॉवेलची दांडी, साबणदाणी, कमोडचे झाकण.

पैसे कमी पडत असतील तर उधारी वाढवू नये. काम दोन टप्प्यांत करावे. एक बाथरूम पूर्ण करावे. दुसऱ्याचे पाइप व ट्रॅप आजच टाकावेत, तोंडाला बूच लावावे आणि भांडी-नळ पुढच्या वर्षी घ्यावेत.

भाव काढताना धाराशिव, बार्शी, सोलापूर, लातूर अशा दोन-तीन ठिकाणी एकच यादी, मॉडेल नंबरासह, दाखवावी. नाहीतर एकजण टाकीसह भाव सांगतो व दुसरा टाकीशिवाय, आणि तुलना खोटी ठरते. बाहेरगावचा भाव कमी दिसला तरी टेम्पोचे भाडे व फुटीची जोखीम त्यात मिळवावी. खोका दुकानातच उघडून पाहावा. टाकीतले वॉशर व बटण आपल्या गावात मिळतात का, हे आधी विचारावे. ज्याचा सुटा भाग मिळत नाही तो माल फुकटही महाग. जी.एस.टी.चे पक्के बिल घेऊन गॅरंटी कार्डासह जपून ठेवावे. कच्च्या चिठ्ठीवर कंपनी दाद देत नाही.

थोडक्यात क्रम असा : पाण्याचा हिशेब, बैठकीची दिशा, माप, लेखी यादी, तीन दुकानांचे भाव आणि मग खरेदी. बसवून झाल्यावर मिस्त्रीचे शेवटचे पैसे देण्याआधी सर्व नळ उघडून, टाकी दहा वेळा सोडून, एक रात्र जाऊ द्यावी. सकाळी प्रत्येक सांध्याखाली कोरडा हात फिरवावा. हात कोरडाच राहिला तर खुशाल पैसे द्यावेत.