भेदभावाचा पहिला धडा

तीन-चार वर्षांचे मूल खेळगडी निवडते ते खेळाच्या आवडीवरून. त्याच्या बापाची मिळकत विचारून नव्हे. मग सातव्या-आठव्या वर्षी तेच मूल “तो झोपडपट्टीतला आहे” असे म्हणू लागते, ते कसे? हा धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. तरी प्रत्येक मूल तो शिकते. संस्थेच्या या महोत्सवी स्मरणिकेत पालक व शिक्षक यांच्या विचारार्थ या प्रश्नाची थोडी मीमांसा आम्ही करीत आहोत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बालपणीची एक हकीकत लिहून ठेवली आहे. 1901 साली त्यांचे वडील सातारा जिल्ह्यातील गोरेगाव येथे नोकरीस होते. त्यांना भेटण्यासाठी लहानगा भीम, त्याचे वडील बंधू व बहिणीची मुले नवे कपडे घालून आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. पत्र न पोहोचल्याने न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरांनी प्रथम आपुलकीने विचारपूस केली. पण मुले महार आहेत हे कळताच त्यांचा चेहरा पालटला. दुप्पट भाडे कबूल केले तरी कोणी गाडीवान तयार होईना. अखेर मुलांनी गाडी हाकावी व गाडीवानाने बाजूने चालावे, या अटीवर एकजण निघाला. जवळ खायला होते, पण प्यायला पाणी मिळाले नाही. नाक्यावर पाणी मिळावे म्हणून भीमाने आपण मुसलमान असल्याचे उर्दूत सांगितले. तरीही ते मिळाले नाही. कपडे, पैसे, बोलणे यांपैकी काहीच उपयोगी पडत नाही आणि आपण कोण हे लपवावे लागते, एवढे त्या मुलास एका रात्रीत कळले.

याहून विचारात घेण्याजोगी गोष्ट पुढे आहे. शाळेत त्याला तरटाच्या वेगळ्या तुकड्यावर बसावे लागे, आणि शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. परंतु या प्रवासापूर्वी हे सारे आपण नेहमीचेच म्हणून गृहीत धरले होते, असे बाबासाहेब लिहितात. मोठी माणसे जे रोज करतात, ते मुलाला ऊन-पावसासारखे स्वाभाविक वाटते. ते तरट त्याच वर्गातील इतर मुलेही रोज पाहत होती. आपली जागा कोणती व त्याची कोणती, हे त्यांनाही कोणी तोंडाने शिकविले नसेल. ते काम तरटाने केले.

संविधानाच्या 17व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांच्या प्रवेशवर्गात दुर्बल घटकांसाठी 25 टक्के जागा ठेवल्या. पण कायद्याला घरातली पेल्यांची मांडणी दिसत नाही. आपल्या सुरतेत खानदेशातून आलेली कितीतरी कुटुंबे लिंबायत, उधना या भागांत राहून यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी करतात. त्यांच्या मुलांपुढे आज तरट नाही. पण बूट आहेत, डबा आहे, पत्ता आहे. मोलकरणीसाठी वेगळी कपबशी असते. तिची मुलगी दूरदर्शनसंचासमोर जमिनीवर बसते व आपली मुले कोचावर. दोन्हीकडची मुले हे पाहतात.

या कामी सुरतेची परंपरा थोर आहे. 1844 साली येथेच दुर्गाराम मेहताजी या शिक्षकाने दादोबा पांडुरंग यांच्या सहकार्याने मानवधर्म सभा स्थापिली व अंधश्रद्धा आणि जातिभेद यांवर टीका केली. हेच दादोबा पुढे मुंबईच्या परमहंस सभेचे प्रवर्तक झाले. मराठी व गुजराती माणसांनी मिळून आरंभिलेले ते काम अद्याप पुरे झालेले नाही.

तेव्हा करावे काय? प्रथम घरात. कपबशी सर्वांना एकच असावी; घरी कामाला येणाऱ्यांना मुलांनी मावशी, काका म्हणावे, अरे-तुरे करू नये. “ते गरीब का?” असे मुलाने विचारल्यास त्याला गप्प बसवू नये, नशिबावर वा आळसावर बोट ठेवू नये. माग कसा चालतो, पाळी किती तासांची, मजुरी किती व घरभाडे किती, हे सरळ सांगावे. हिशेब मुलाला समजतो.

दुसरे, शाळेत. थकलेल्या फीची नावे वर्गात वाचू नयेत. बसण्याच्या जागा आळीपाळीने बदलाव्यात. माध्यान्ह भोजनाला सर्व मुलांची एकच पंगत असावी व शिक्षकांनीही त्या पंगतीस बसावे.

तिसरे, आपल्यासारख्या संस्थांत. वह्या-गणवेश वाटताना ‘गरीब व होतकरू’ म्हणून मुलांना व्यासपीठावर बोलावतात, छायाचित्र काढतात, टाळ्या होतात. देणाऱ्याचा हेतू शुद्धच असतो. परंतु खाली बसलेल्या वर्गमित्रांसमोर नाव पुकारले जाते, तेव्हा त्या मुलाच्या हाती वह्यांबरोबर आणखीही काही पडते. दान गुप्त असावे, हे सर्वच धर्मांनी सांगितले आहे.

म्हणून विश्वस्त मंडळास आमची नम्र विनंती आहे की, यंदा जूनमधील वह्या पालकांच्या हाती, शाळा उघडण्याच्या आधीच, समारंभाशिवाय पोहोचाव्यात. व्यासपीठावर मुलांना अवश्य बोलवावे. पण ते गाणे म्हणण्यास, भाषण करण्यास, बक्षीस घेण्यास, आणि सर्वांच्याच मुलांना.