आधी पाणी, मग परजीवी

आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा टाकीसमोर उभा राहून पहिला प्रश्न हाच विचारतो, "ही पाल का?" आमची मोगरा पाल नाही आणि मासाही नाही. ती अ‍ॅक्सोलॉटल आहे. मूळ मेक्सिकोचा हा सॅलॅमँडर उभयचर असूनही आयुष्यभर पाण्यातच राहतो आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांचे लालसर तुरे मिरवतो. पुण्याच्या हवेत तिला सांभाळताना परजीवींबद्दल जे शिकायला मिळालं, ते असं.

१. किडा शोधण्याआधी पाणी तपासा. कल्ले पुढे वळलेत, शेपटीचं टोक मुडपलंय, खाणं सोडलंय, मधूनच दचकल्यागत टाकीभर धाव घेतेय, ही लक्षणं पाहिली की कोणीतरी "परजीवी" म्हणून मोकळं होतं. पण अमोनिया वाढला तरी प्राणी असाच वागतो आणि पाणी तापलं तरीही. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत, नायट्रेट 20 पीपीएमच्या आसपास किंवा कमी, आणि तापमान 16 ते 18 अंश. 24 च्या वर गेलं की या प्राण्याचं काही खरं नाही. आपला एप्रिल आठवा! पंख्याने पाणी जेमतेम दोन-तीन अंश उतरतं. बर्फाच्या बाटल्या टाकल्या तर तापमान सारखं वरखाली होतं, आणि तो चढउतारही प्राण्याला त्रासाचाच. पुण्या-मुंबईत चिलरचा खर्च झेपणार नसेल तर हा छंद झेपत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, प्राण्याची प्रतिकारशक्ती ढासळते आणि परजीवींची वाढ मात्र झपाट्याने होते. एरवी निमूट राहिला असता तो परजीवी अशा वेळी डोकं वर काढतो.

२. दिसेल तो ठिपका रोग नसतो. सोनेरी अ‍ॅक्सोलॉटलच्या कल्ल्यांवर चमकदार ठिपके असतात, ते रंगपेशींचे. अधूनमधून त्वचेचा पातळ पापुद्रा सुटून पाण्यात तरंगतो, तेही नेहमीचंच. कल्ल्यांवर कापसासारखा पुंजका दिसला तर ती बहुधा बुरशी असते आणि तिचे उपाय वेगळे. काचेवर वळवळणारे केसाएवढे पांढरे किडे बहुतेकदा उरलेल्या अन्नावर जगतात. ते प्राण्याच्या अंगाला लागत नाहीत, तुम्ही खायला जास्त घालताय एवढंच सांगतात. टुणटुणणारे सायक्लॉप्सही तसेच, अ‍ॅक्सोलॉटलची पिल्लं ते आवडीने खातात. (आपल्या जुन्या मंडळींना सायक्लॉप्स नारूमुळे ठाऊक असेल. विहिरीचं पाणी गाळून प्या, म्हणत ते याच्याचसाठी. भारत 2000 साली नारूमुक्त ठरला.) पण तलावातून आणलेले सायक्लॉप्स काही गोलकृमींच्या अळ्या वाहून आणू शकतात, म्हणून ते मी टाकीत घेत नाही.

३. नुसत्या डोळ्यांना दिसणारे परजीवी मोजकेच, पण ते ओळखता यायलाच हवेत. अंगातून किंवा कल्ल्याच्या मुळाशी एक बारीक दोरा बाहेर आलेला दिसतो आणि त्याच्या टोकाला कधीकधी दोन छोट्या पिशव्या असतात. ही लर्निया, तिला 'अँकर वर्म' म्हणतात. नावात वर्म असलं तरी ती कृमी नाही, कोळंबीच्या जातकुळीतला कवचधारी प्राणी आहे. चिकटते ती मादी. ती डोकं मांसात रुतवून तिथे नांगर टाकते, बाहेर राहतं ते तिचं शरीर आणि अंड्यांच्या पिशव्या. काटा काढावा तशी ती चिमट्याने काढायची, मात्र पकड अगदी त्वचेलगत हवी. मधेच तुटली तर डोकं आत राहतं आणि जखम चिघळते. हे काम पशुवैद्याकडून करून घेतलेलं बरं. दोरा निघाला म्हणजे संपलं, असंही नाही. अंड्यांतून निघालेल्या अळ्या पाण्यात मोकळ्या फिरत असतात. गार पाण्यात त्यांचं जीवनचक्र लांबतं, त्यामुळे पुढचे कित्येक आठवडे प्राण्यावर आणि टाकीवर नजर ठेवावी लागते. दुसरी माशांची ऊ, म्हणजे आर्ग्युलस. हा चपटा, बशीच्या आकाराचा जीव अंगावर सरकताना दिसतो. आपल्याकडच्या मत्स्यशेतीत हे दोन्ही सर्रास आढळतात.

४. मग ते टाकीत येतात कुठून? मेक्सिकोतून नव्हे. 1864 च्या सुमारास 34 अ‍ॅक्सोलॉटल पॅरिसला नेले गेले, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत व घरांत असलेले बहुतेक त्यांचेच वंशज आहेत. पिढ्यान्‌पिढ्या टाकीत वाढलेल्या या प्राण्याला रोग आपल्या हातूनच मिळतो, आणि त्याची मुख्य वाट म्हणजे मासे. दुकानदार "सोबत दोन गप्पी सोडा, खाईल हौसेने" असं सांगतात. त्या गप्पीबरोबर परजीवी येतात. शिवाय मासे कल्ल्यांचे तुरे अळ्या समजून कुरतडतात आणि त्या जखमांतून पुढचं दुखणं सुरू होतं. मूळ घरीही त्यांना मासेच भोवले: मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांत अन्नासाठी कार्प आणि तिलापिया सोडले, त्यांनी अ‍ॅक्सोलॉटलची अंडी-पिल्लं फस्त केली. त्यात पाण्याच्या प्रदूषणाची भर पडली. 1998 साली तिथे दर चौरस किलोमीटरला सुमारे 6000 अ‍ॅक्सोलॉटल होते, 2014 मध्ये 36 उरले. मासे आणि अ‍ॅक्सोलॉटल एकत्र ठेवू नयेत, यावर मी वाद घालत नाही.

५. खाऊ म्हणून जिवंत ट्युबिफेक्स किडे नकोत. ते गटाराच्या गाळात वाढतात, एवढं कळल्यावर आणखी काय सांगायचं? गोठवलेले ब्लडवर्म त्यापेक्षा सुरक्षित. सगळ्यांत उत्तम खाणं गांडुळाचं. फक्त आपल्याकडे गांडूळखताच्या बेडमध्ये बहुतेक लाल गांडुळं असतात, आणि दाबल्यावर ती एक कडवट द्रव सोडतात. मोगरा ती तोंडात घेऊन थुंकते, चेहरा असा करते की बघत राहावं! साधी, जाड, फवारणी नसलेल्या मातीतली गांडुळं मिळवावीत आणि स्वच्छ धुऊन द्यावीत.

६. पोटातले कृमी बाहेरून दिसत नाहीत. नीट खाऊनही प्राणी रोडावत असेल, विष्ठा पांढुरकी आणि दोऱ्यासारखी येत असेल, तर ताजी विष्ठा डबीत घालून पशुवैद्याकडे न्यावी. सूक्ष्मदर्शकाखाली अंडी दिसतात. तिथे काही एकपेशीय जीव सापडले म्हणून घाबरू नका, निरोगी प्राण्याच्या आतड्यातही ते थोडेफार असतात. पट्टकृमींना प्राझिक्वांटेल आणि गोलकृमींना फेनबेंडाझोल वापरतात, पण मात्रा वजनावर ठरते. ती ठरवणं डॉक्टरांचं काम.

७. माशांची औषधं अ‍ॅक्सोलॉटलला चालतीलच असं धरून चालू नका. उभयचरांची त्वचा पाण्यातलं बरंच काही शोषते. तांबं, मॅलाकाइट ग्रीन, फॉर्मेलिन असलेली बाटली आणि तलावात मारायची कीटकनाशकं घराबाहेरच ठेवा. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर पाणी 30 अंशांपर्यंत तापवण्याचा उपाय सांगतात. तो इथे केला तर परजीवीआधी प्राणी जाईल.

घरी करण्यासारखं म्हणजे प्राण्याला वेगळ्या डब्यात गार, अँटीक्लोरीन घातलेल्या पाण्यात ठेवणं आणि ते पाणी रोज पूर्ण बदलणं. अर्धी दुखणी एवढ्यानेच उतरतात. बाहेरच्या बुरशीवर आणि काही सूक्ष्म परजीवींवर मिठाचं पाणी चालतं. एका लिटरला दोन ते तीन चहाचे चमचे आयोडीन नसलेलं मीठ घ्यायचं, पाणी डब्यातल्या पाण्याइतकंच गार ठेवायचं आणि प्राण्याला दहा मिनिटं त्यात ठेवायचं, पंधराच्या पुढे कधीच नाही. शेजारी बसून राहायचं. तडफड दिसली की लगेच बाहेर काढायचं. आणि हे लांबवायचं नाही, मिठाने त्वचेवरचं संरक्षक बुळबुळीत आवरणही जातं.

८. नवा प्राणी निदान महिनाभर वेगळ्या टाकीत, वेगळी जाळी आणि वेगळी नळी वापरून. नवी पाणवनस्पती पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवून, मग भरपूर धुऊन. तळ्यातली गोगलगाय कितीही गोंडस दिसली तरी नाही.

९. अ‍ॅक्सोलॉटल घेण्याआधी आपल्या शहरातल्या पशुवैद्यांना फोन करा आणि एवढंच विचारा, "तुम्ही उभयचर प्राणी तपासता का?" कुत्र्या-मांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत, पण असा डॉक्टर शोधायला वेळ लागतो. सापडला नाही तर अ‍ॅक्सोलॉटल घेऊ नका.