सोलकढीचे ॲसिड कॅप्सूलमध्ये

गार्सिनिया कंबोजिया हे नाव परदेशी वाटले तरी झाड आपल्या कोकमाच्याच कुळातले. केरळात माशाच्या कालवणात घालतात ती कुडमपुळी म्हणजे याचेच फळ. कोकमाप्रमाणेच त्याच्याही सालीत हायड्रॉक्सिसायट्रिक ॲसिड असते आणि वजन उतरवण्याच्या कॅप्सूलमध्ये त्याचाच अर्क भरलेला असतो. शरीरात चरबी तयार करणाऱ्या साखळीतले एक एन्झाइम हे ॲसिड अडवते, हे खरे. उंदरांवर परिणामही दिसला. पण माणसांत? १९९८ मध्ये अमेरिकेत १३५ लठ्ठ व्यक्तींवर १२ आठवड्यांची चाचणी झाली. एका गटाला रोज दीड ग्रॅम ॲसिड, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या. आहार दोन्हीकडे बेताचा. ॲसिडवाल्यांचे वजन सरासरी ३.२ किलो उतरले, बिनऔषधवाल्यांचे ४.१. हा फरक योगायोगाचा धरला तरी गोळीच्या पदरात काही पडत नाही. २०११ मध्ये अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा फायदा किलोभराच्या आतच निघाला. काटेकोर चाचण्या तेवढ्या धरल्या, तर तोही ठामपणे सांगण्याजोगा नव्हता.

‘पण आमच्या ओळखीतल्या बाईंचे चार किलो उतरले!’ उतरले असतील. हजारभर रुपयांची बाटली आणणारा माणूस त्याच आठवड्यात फरसाण बंद करतो, चालायला लागतो, आणि श्रेय मात्र बाटलीला जाते. चाचणीत रिकाम्या गोळीवाल्यांचेही चार किलो उतरलेच होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: पिढ्यान्‌पिढ्या आमसुलाचे सार पितो, मग अर्काची भीती कशाला? सारात चार आमसुले पडतात, तीही कधीमधी. कॅप्सूलमधून ग्रॅमच्या मापाने, रोज, महिनोन्‌महिने ॲसिड जाते. यकृताच्या इजांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी संशोधकांनी २०२२ मध्ये गार्सिनियाशी जोडलेले २२ रुग्ण मांडले. त्यांतल्या बहुतेकांच्या गोळ्यांत ग्रीन टीचा अर्कही होता, त्यामुळे सगळा दोष एकट्या गार्सिनियाचा म्हणता येत नाही. पण ५ जणांनी नुसते गार्सिनियाच घेतले होते. बऱ्याच रुग्णांत एक विशिष्ट जनुकीय खूण आढळली. ती आपल्यात आहे का, हे गोळी घेणाऱ्याला ठाऊक नसते. इजा विरळ आहे, मान्य. मधुमेहाच्या औषधाचा विरळ धोका आपण पत्करतो, कारण त्याचा फायदा सिद्ध आहे. इथे बदल्यात मिळते काय?

यकृताचा आजार किंवा गर्भारपण असेल, नैराश्यावरची किंवा मधुमेहाची औषधे चालू असतील, तर या वाटेला जाऊच नका. आधीच घेत असाल आणि डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, भूक मेली किंवा अंगभर खाज सुटली, तर गोळी त्याच दिवशी थांबवून बाटलीसह डॉक्टर गाठा आणि यकृताची रक्ततपासणी करून घ्या. सोलकढी मात्र खुशाल प्या.