मैदानावरचे शिक्षक : रहीम साहेब

(भारताने १९५१ आणि १९६२ साली आशियाई क्रीडास्पर्धेत फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकले. दोन्ही वेळा संघाचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. शाळेतल्या या शिक्षकाची ओळख या पाठात करून दिली आहे.)

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. उस्मानिया विद्यापीठात शिकत असताना ते विद्यापीठाच्या संघातून फुटबॉल खेळत. शहरातील कमर क्लबकडूनही ते खेळले. बी. ए. झाल्यावर त्यांनी शिक्षकाचा पेशा स्वीकारला. काचीगुडा येथील शाळा, उर्दू शरीफ शाळा, दारुल उलूम हायस्कूल आणि चादरघाट हायस्कूल अशा शाळांतून त्यांनी मुलांना शिकवले. त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदविकाही मिळवली. सारे हैदराबाद त्यांना आदराने 'रहीम साहेब' म्हणत असे.

१९४३ साली रहीम साहेब हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस झाले. हे काम त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले. चिटणीस म्हटला की पत्रव्यवहार आणि हिशेब आलेच. पण रहीम साहेबांचे लक्ष मैदानावरही असे. आपले बरेच खेळाडू एकाच पायाने चेंडू मारतात, हे त्यांनी हेरले होते. मग त्यांनी एक नवीच स्पर्धा भरवली. खेळाडूचा जो पाय कच्चा, त्याच पायाने त्याने चेंडू मारायचा, असा नियम केला! चेंडू पायाशी फार वेळ न ठेवता लगेच सोबत्याकडे द्यायचा, अशीही स्पर्धा त्यांनी घेतली. एकट्याच्या कसरतीपेक्षा सांघिक खेळ त्यांना अधिक मोलाचा वाटे.

१९५० पासून ते हैदराबाद सिटी पोलीस संघाला शिकवू लागले. मुंबईची रोव्हर्स स्पर्धा त्या काळी देशभर गाजत असे. या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे ती जिंकली.

भारतीय संघाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने अंतिम सामन्यात इराणला १-० असे हरवले. पण पुढच्याच वर्षी, हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. आपले अनेक खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत होते. या पराभवानंतर बूट घालून खेळणे सक्तीचे झाले.

चार वर्षांनी, १९५६ साली, रहीम साहेबांचा संघ मेलबर्न ऑलिंपिकमध्ये उतरला. मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांनी तीन गोल केले आणि भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे नमवले. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपान्त्य फेरीत पोहोचलेला आशियातील हा पहिलाच संघ होता. तेथे पुन्हा युगोस्लाव्हियाशीच गाठ पडली. भारत ४-१ असा हरला. पण पहिला गोल भारताचा होता! शेवटी भारताला चौथा क्रमांक मिळाला.

चांगला खेळाडू कोठेही असो, रहीम साहेब त्याला शोधून काढत. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा गावात तुलसीदास बलराम नावाचा गरीब मुलगा होता. रोज सरावासाठी हैदराबादला येण्याइतके पैसे त्याच्याजवळ नव्हते. भाड्याने सायकल घेता यावी, म्हणून रहीम साहेब आपल्याला रोज एक रुपया देत, अशी आठवण बलराम पुढे सांगत असत. हाच मुलगा देशातील उत्तम आघाडीवीरांपैकी एक ठरला.

१९६२ साली जकार्ता येथे आशियाई स्पर्धा होती. रहीम साहेबांना कर्करोगाने ग्रासले होते. तरीही ते संघाबरोबर गेले. पहिलाच सामना भारत दक्षिण कोरियाकडून ०-२ असा हरला. पुढच्या सामन्यात बचावपटू जर्नैलसिंग यांच्या डोक्याला जखम झाली आणि सहा टाके घालावे लागले. अशा खेळाडूला घरी बसवावे, असेच कोणीही म्हटले असते. रहीम साहेबांनी मात्र उपान्त्य सामन्यात त्यांना आघाडीला खेळवले. भारताने तो सामना ३-२ असा जिंकला.

४ सप्टेंबर १९६२. अंतिम सामन्यात समोर पुन्हा दक्षिण कोरिया! सुमारे एक लाख प्रेक्षक जमले होते. राजकीय वादामुळे त्यांतील बहुतेक जण भारताच्या विरोधात ओरडत होते. उद्या मला सुवर्णपदकाची भेट द्या, असे रहीम साहेबांनी आदल्या दिवशी खेळाडूंना सांगितले होते. पहिल्या वीस मिनिटांतच पी. के. बॅनर्जी आणि जर्नैलसिंग यांनी एकेक गोल केला. कोरियाला अखेरीस एकच गोल करता आला. शिष्यांनी आपल्या शिक्षकाला हवी ती भेट दिली.

त्यानंतर काही महिन्यांनीच, ११ जून १९६३ रोजी, रहीम साहेबांचे निधन झाले. १९६२ नंतर २०२३ च्या स्पर्धेपर्यंत भारताला आशियाई फुटबॉलचे सुवर्णपदक पुन्हा मिळालेले नाही. पुढे २०२४ साली 'मैदान' या हिंदी चित्रपटातून त्यांची कहाणी नव्या पिढीपुढे आली. कच्च्या पायाला पक्के करणारा हा शिक्षक प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावा असाच आहे.

शब्दार्थ
पेशा – व्यवसाय, काम
चिटणीस – संस्थेचा कारभार पाहणारा
हेरणे – बारकाईने ओळखणे
धुव्वा उडवणे – पूर्ण पराभव करणे
अनवाणी – पायांत काही न घालता
उपान्त्य – शेवटच्या आधीचा

स्वाध्याय
१. कच्च्या पायाने खेळण्याची स्पर्धा रहीम साहेबांनी का भरवली?
२. १९५२ व १९५६ सालच्या युगोस्लाव्हियाविरुद्धच्या सामन्यांत तुम्हांला कोणता फरक दिसतो?
३. 'धुव्वा उडवणे' हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.
४. तुमचा 'कच्चा पाय' असलेला विषय कोणता? तो पक्का करण्यासाठी तुम्ही काय कराल? पाच-सहा वाक्ये लिहा.