हौसेची सायकल, कामाची सायकल

सायकल तुम्हाला नवी नाही. कोणी दुधाच्या किटल्या लावून सायकलवर डेअरीत जातो. कोणी वैरणीचा भारा बांधून आणतो. मुले-मुली सायकलवर शाळा गाठतात. ही झाली कामाची सायकल.

पण हल्ली रस्त्यावर दुसरीही सायकल दिसते. रविवारी पहाटे मोठ्या रस्त्याने पाच-सात माणसे सायकलींवर जातात. अंगात रंगीत, घट्ट कपडे. डोक्यावर हेल्मेट. कॅरिअर नाही, ओझे नाही. चहाच्या टपरीवर तुम्ही विचारता,

"काय पाव्हणं, कुठं निघालात?"

"जेजुरीला."

"देवाला?"

"देवालाही, अन् सायकल चालवायलाही."

तुम्ही हसता. म्हणता, "एसटी असताना पाय कशाला दुखवायचे?"

ती माणसे म्हणजे आम्हीच. तुमचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर या धड्यात देऊ. रस्त्याने आम्हाला जे शिकवले, तेही सांगू. हौस आमची असली, तरी रस्ता तुमचा-आमचा एकच आहे.

आम्ही का निघतो?

आम्ही पुण्यात राहतो. आमच्यात कोणी कारकून आहे, कोणी मास्तर, कोणी दुकानदार. बायका आहेत, साठी उलटलेले आजोबाही आहेत. तुम्ही शेतात राबता. तुमच्या अंगाला मेहनत आपोआप होते. आमचे काम बसून. बसून बसून अंगाला गंज चढतो. मोठ्या माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटे अंगमेहनतीचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून आम्ही सायकल काढतो.

पण नुसत्या व्यायामासाठी कोण पहाटे चारला उठेल? सायकलवरून मुलूख दिसतो, तसा मोटारीतून दिसत नाही. भिजलेल्या मातीचा वास येतो. चुलीचा धूर येतो. पुरंदरच्या अंजिराच्या बागा हाताला लागतील इतक्या जवळून जातात. माणसे हाक मारतात. तेवढ्यासाठी पाय दुखले तरी चालतात.

घाट काय शिकवतो?

पुण्याहून हडपसर, दिवे घाट आणि सासवड या वाटेने जेजुरी सुमारे ५० किलोमीटर आहे. जाऊन-येऊन १०० किलोमीटर होतात. वाटेतला दिवे घाट आमची परीक्षा घेतो. ज्ञानेश्वर माउलींची पालखी याच घाटाने जाते. तिथे माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. नेहमीच्या जोडीला तो चढ झेपत नाही.

आमच्या सायकलीला जादा बैल म्हणजे गिअर. पायडलजवळ दातेरी चाक असते. मागच्या चाकालाही दातेरी चाके असतात. चढावर साखळी मागच्या मोठ्या दातेरी चाकावर घेतली, की पायडल हलके फिरते. मात्र ते जास्त वेळा फिरवावे लागते. म्हणजे कष्ट काही चुकत नाहीत. मोठे कर्ज एकदम न फेडता हप्त्याने फेडावे, तसे ते हप्त्यांनी द्यायचे.

जो पायथ्यालाच जोर करतो, तो अर्ध्या घाटात उतरून सायकल ढकलतो. जो दम राखतो, तो वर पोचतो. ढकलण्यात लाजही नाही. आमची सायकल आठ-दहा किलोची. तुमची साधी सायकल वीस किलोच्या आसपास, त्यावर किटल्यांचे ओझे वेगळे. एखादा गवळी अशी सायकल घेऊन चढ चढताना दिसला, की आम्ही त्याला मनोमन रामराम करतो.

तुमच्या सायकलीला गिअर नसेल, तरी एक गोष्ट करता येते. सीटची उंची बघा. सीटवर बसून पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. सीट फार खाली असेल, तर गुडघे दुखतात आणि ताकद वाया जाते. पाना घेऊन सीट नीट करायला पाच मिनिटे पुरतात.

वारा आणि पोट

पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो. हे तुम्हाला सांगायला नको. जेजुरी पुण्याच्या आग्नेयेला आहे. त्यामुळे जाताना वारा पाठीशी असतो. वाटते, आज आपल्याला पंख फुटले! परतताना तोच वारा छातीवर येतो. मग सपाट रस्ताही घाटासारखा वाटतो. म्हणून जाताना सगळी ताकद खर्चायची नाही. अर्धी परतीसाठी गाठीला ठेवायची.

अशा वेळी आम्ही एकामागे एक रांग धरतो. पुढचा वारा अंगावर घेतो, मागच्यांना आडोसा मिळतो. पुढचा दमला, की मागे येतो आणि दुसरा पुढे होतो. तुम्ही कालव्याचे पाणी पाळीने घेता, तशीच ही पाळी. पण आडोसा मिळतो म्हणून ट्रकच्या मागे कधी लागू नये. ट्रॉलीला हात धरून तर मुळीच जाऊ नये. पुढच्याने ब्रेक लावला, तर मागच्याला जागाच उरत नाही.

पोटाचे गणितही असेच आहे. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे. उपाशीपोटी दोन-तीन तास पायडल मारले, की पाय एकदम मेणाचे होतात. डोळ्यांपुढे अंधारी येते. आम्ही खिशात गूळ-शेंगदाणे, खजूर, केळी ठेवतो. उन्हात घामाबरोबर मीठही जाते. म्हणून पाण्यात लिंबू, साखर आणि चिमूटभर मीठ घालतो.

पंक्चर झाले तर?

चाकात हवा भरण्याची युक्ती कोणाची, ठाऊक आहे? डनलॉप नावाचा जनावरांचा डॉक्टर आयर्लंडमधील बेलफास्ट गावी राहत होता. त्याच्या मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर फार धक्के खाई. म्हणून त्याने चाकांना हवेची रबरी नळी बसवली. १८८८ साली त्याने या युक्तीचे पेटंट घेतले. आज सायकलपासून टायरच्या बैलगाडीपर्यंत सगळी चाके हवेवर पळतात.

हवा आली, तसे पंक्चरही आले. बाभळीचा काटा हौसेची सायकल ओळखत नाही आणि कामाचीही ओळखत नाही. म्हणून आमच्यातला प्रत्येक जण लहान पंप, टायर काढायच्या पट्ट्या आणि ठिगळाचे सामान जवळ बाळगतो. काम असे करायचे:

टायरची एक कड रिंगेबाहेर काढा. ट्यूब ओढून घ्या. तिच्यात हवा भरून ती पाण्यात बुडवा. बुडबुडे येतील, तिथे भोक. ती जागा पुसून कोरडी करा. घासकागदाने घासा. सोल्युशन लावा, पण ठिगळ लगेच बसवू नका. सोल्युशन थोडे सुकू द्या. मग ठिगळ दाबून बसवा.

झाले का काम? नाही. खरे काम पुढेच आहे. टायरच्या आतून बोटे जपून फिरवा. काटा अजून तिथेच असतो. तो काढला नाही, तर दहा पावलांवर पुन्हा हवा जाईल.

हवा कमी ठेवून सायकल चालवू नये. सायकल जड होते आणि दगडावर ट्यूब रिंगेत चिमटते. अंगठ्याने टायर दाबून बघा. सहज दबला, तर हवा भरा.

कुत्रे मागे लागले तर?

हा अनुभव सगळ्यांचाच. पळणाऱ्याच्या मागे धावणे हा कुत्र्याचा स्वभाव. आपण जोरात पळालो, की तेही जोरात येते. लाथ मारायला गेलो, की तोल जातो. आम्ही वेग कमी करतो आणि दरडावतो. तरी ते अंगावर आले, तर उतरून सायकल मध्ये धरतो. बहुतेक कुत्री तिथेच थांबतात.

आणि चावलेच तर? हळद, चुना, मिरची काही लावू नये. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. सांगतील तितक्या वेळा ती घ्यावी, एकही चुकवू नये. पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग एकदा उठला, की माणूस वाचत नाही. वेळेवर घेतलेल्या लशीने तो टळतो.

दिसलो तर वाचलो

आता सर्वांत महत्त्वाचे. आमचे कपडे भडक का असतात, ते ऐका. ते शोभेसाठी नाहीत. मोटारवाल्याला आम्ही लांबून दिसावे, म्हणून ते भडक. ते घट्ट असतात, कारण सैल कापड साखळीत अडकते. अंधारात आम्ही पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लावतो.

एक हिशेब करू या. ट्रक ताशी ६० किलोमीटर वेगाने येत आहे. म्हणजे तो एका सेकंदात सुमारे १७ मीटर येतो. चालकाला पुढे काही दिसले, ते काय आहे हे कळले आणि त्याचा पाय ब्रेकवर गेला. एवढ्याला एक ते दीड सेकंद जातो. तोवर ट्रक १७ ते २५ मीटर पुढे आलेला असतो. ब्रेक लागण्याचे काम त्यानंतर सुरू होते! भरलेला ट्रक थांबायला आणखी अंतर घेतो.

आता अंधारात अंगावर काळे घोंगडे घेऊन, बिनदिव्याच्या सायकलवरून रानातून घरी येणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. चालकाला तो दिसतो कधी? अगदी जवळ आल्यावर. मग चालकाने कितीही जोराने ब्रेक दाबला, तरी उपयोग काय?

२०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. म्हणजे रोज सुमारे ४६०. एखादी वाडी रोज ओस पडावी, असे हे आकडे आहेत. आम्ही हौसेखातर जातो, पाऊस असला किंवा अंधार असला तर घरी बसू शकतो. तुम्हाला दूध घालायला जावेच लागते. म्हणून दिव्याची गरज आमच्यापेक्षा तुम्हाला जास्त आहे.

दिवा नसेल, तर मागच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टर लावा. तो उजेड पडला की चमकतो आणि थोड्या पैशांत मिळतो. अंगावर पांढरे कापड घ्या. सायकल नेहमी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवा. पायी जात असाल आणि पायवाट नसेल, तर उजव्या कडेने चाला. म्हणजे समोरून येणारे वाहन आपल्याला दिसते. सायकली शेजारी-शेजारी लावून गप्पा मारत जाऊ नये. हा नियम आम्हालाही आहे.

उतारावर दोन्ही ब्रेक वापरा. नुसता पुढचा ब्रेक एकदम दाबला, तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. पावसात ब्रेक उशिरा लागतो, म्हणून तो आधीच दाबावा. मागे कोणी बसले असेल, तर पदर, ओढणी, धोतराचा सोगा आवरून घ्यावा. लहान मुलाचा पाय चाकाच्या तारांत जाणार नाही, असे पाहावे.

आमची तुम्हाला एक विनंतीही आहे. उसाची ट्रॉली रात्री रस्त्यात बंद पडली, तर तिच्या मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर असू द्या. मळणीसाठी कणसे-काड डांबरी रस्त्यावर पसरू नका. त्यावरून दोन चाके घसरतात. घसरणारा पाव्हणा असेल, नाहीतर शाळेतून घरी येणारे तुमचेच पोर असेल.

आज संध्याकाळी आपली सायकल अंगणात उभी करा. दोन्ही ब्रेक दाबून बघा. टायरमधली हवा बघा. मागे काही चमकते का, ते बॅटरीच्या उजेडात बघा. चमकत नसेल, तर येत्या बाजाराच्या दिवशी पिशवीत भाजीबरोबर एक लाल रिफ्लेक्टरही आणा.

प्रश्न

१. घाट चढताना गिअरचा उपयोग कसा होतो?
२. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोटे का फिरवावीत?
३. कुत्रे चावल्यास प्रथम काय करावे?
४. ताशी ६० किलोमीटर वेगाचा ट्रक एका सेकंदात किती मीटर जातो?
५. तुमच्या गावातील किती सायकलींना मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर आहे? मोजा आणि आकडा वहीत लिहा.