पावसाच्या पाण्याचे पृथक्करण : आभाळातून आपल्या शेतात काय पडते?



उसाची गाडी आली की आपण आधी काटा पाहतो, मग उतारा विचारतो. लागणीपूर्वी माती परीक्षणाला पाठवतो. विहिरीचे पाणी मचूळ लागले तर तेही बाटलीत भरून प्रयोगशाळेत देतो. पण वर्षभरात सर्वांत जास्त पाणी ज्या वाटेने आपल्या शेतात येते, त्या पावसाच्या पाण्यात काय असते हे आपल्यापैकी किती जणांनी तपासून पाहिले आहे? "पावसाचे पाणी म्हणजे शुद्ध पाणी" असे आपण धरून चालतो. ते खरे नाही. या अंकात त्याविषयी थोडी माहिती देत आहे. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

मागे एका जुलै महिन्यात सावली भागातले एक सभासद सुरू उसाची पिवळी पाने घेऊन गट कार्यालयात आले. म्हणाले, "साहेब, हे पान पाहा जी. पाऊस आंबट झाला म्हणते. धुराचं ॲसिड पडून राहिलं वावरात." मी म्हटले, तपासून पाहू. कार्यालयाच्या गच्चीवर एक घमेले ठेवले, आठ दिवसांनी त्यात साचलेले पाणी घेतले आणि रंग बदलणारी कागदाची पट्टी बुडवली. सामू सातच्या वर आला. मी मोठ्या ऐटीत सांगितले, "भाऊ, पाऊस चांगला आहे. उगीच घाबरू नका."

पुढे कृषी महाविद्यालयातल्या एका जाणकारांना ही हकिकत सांगितली तेव्हा ते हसले. म्हणाले, "तुम्ही पाऊस तपासला नाही, गच्चीवरची धूळ तपासली." त्यांचे म्हणणे बरोबर होते. घमेले आठ दिवस उघडे होते. रस्त्याची धूळ, पानांचा कचरा, पाखरांची विष्ठा असे सगळे त्यात पडले होते. शिवाय पावसाच्या पाण्यात क्षार इतके कमी असतात की कागदाची पट्टी त्यात खात्रीचा आकडा देत नाही.

त्या सभासदाच्या वावरात नंतर जाऊन पाहिले. पाणी तुंबलेले होते आणि मुळ्या काळ्या पडलेल्या होत्या. धुऱ्याकडून चर काढून पाणी बाहेर दिले, तेव्हा नवे पान हिरवे आले. म्हणजे पान पिवळे पडण्याचे कारण त्यांनी सांगितले ते नव्हते, आणि पाऊस चांगला असल्याचा माझा दाखलाही खरा नव्हता. मोजमाप चुकले की तक्रार करणारा आणि तक्रार फेटाळणारा, दोघेही अंधारात राहतात.

सामू म्हणजे काय?

आपल्या कारखान्यात रसाचा सामू तासातासाला पाहतात. सात म्हणजे मध्यम, सातच्या खाली आम्ल, वर अल्क. यातला एक आकडा म्हणजे दहापट फरक, हे ध्यानात घ्या. सामू ५ चे पाणी ६ च्या पाण्यापेक्षा दहापट आंबट आणि ४ चे शंभरपट आंबट.

अगदी स्वच्छ हवेतला पाऊससुद्धा सात नसतो. हवेतला कर्बवायू त्यात विरघळतो आणि सामू ५.६ च्या आसपास येतो. म्हणून साधारणपणे ५.६ च्या खालच्या पावसाला आम्ल पाऊस म्हणतात. त्यापुढचा आंबटपणा मुख्यतः दोन वायूंमुळे येतो. एक गंधकाचा वायू, जो दगडी कोळसा व तेल जाळल्याने निघतो. दुसरे नत्राचे वायू, जे मोटारी, भट्ट्या व वीजकेंद्रांतून निघतात. हवेत त्यांचे गंधकाम्ल व नत्राम्ल बनते.

हे समजायला लांब जायला नको. साखर पांढरी करण्यासाठी सल्फिटेशन पद्धतीच्या कारखान्यात गंधक जाळून त्याचा वायू रसात सोडतात. नुसता वायू सोडला तर रस आंबट होऊन साखर फुटेल, म्हणून जोडीला चुन्याचे दूध घालतात आणि सामू सातच्या जवळ राखतात. आभाळातही तेच चालते. आपल्याकडे उन्हाळ्यात जी धूळ उडते तिच्यात चुन्याचा अंश असतो. ती धूळ पावसाच्या थेंबातले आम्ल मारते. जनावरांच्या मलमूत्रातून आणि युरियातून उडणारा अमोनियाही तेच करतो. म्हणून भारतातला पाऊस युरोप-अमेरिकेइतका आंबट नव्हता. तिकडे गंधक होते, पण आपल्यासारखी धूळ नव्हती.

जगाने पाऊस मोजायला कशी सुरुवात केली?

इंग्लंडमधील मँचेस्टर या गिरण्यांच्या शहरात रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने १८५२ मध्ये दाखवून दिले की शहराजवळ जावे तसा पाऊस आंबट होत जातो. पुढे शंभर वर्षे त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९६७ मध्ये स्वीडनच्या स्वान्ते ओडेन यांनी जाहीरपणे मांडले की आपल्या तळ्यांतले मासे मरत आहेत त्यामागे परदेशातून वाऱ्याबरोबर येणारा धूर आहे. धूर इंग्लंड-जर्मनीचा आणि मासे स्वीडन-नॉर्वेचे! बांधाचे भांडण आपल्याला माहीत आहे, हे देशादेशांतले बांधाचे भांडण होते. ते आरोप-प्रत्यारोपाने मिटले नसते. सगळीकडे एकाच पद्धतीने पाऊस मोजला गेला, आकडे समोरासमोर ठेवले गेले आणि १९७९ मध्ये जिनिव्हा येथे करार झाला. १९८० नंतरच्या काळात युरोपातला गंधकवायू पाच हिश्शांतले चार हिस्से, किंबहुना त्याहून जास्त, कमी झाला.

जागतिक हवामान संघटनेचे अशा मोजणीचे जाळे १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. १९८९ पासून ते 'जागतिक वातावरण निरीक्षण' या कार्यक्रमाखाली चालते. त्यात आपला देशही आहे. भारतीय हवामान खात्याची अशी दहा केंद्रे आहेत : अलाहाबाद, जोधपूर, कोडाईकनाल, मिनिकॉय, मोहनबारी, नागपूर, पोर्ट ब्लेअर, पुणे, श्रीनगर आणि विशाखापट्टणम. महाराष्ट्रात दोन, त्यांतले विदर्भात एकटे नागपूर. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनेही पावसाच्या रसायनाचा बराच अभ्यास केला आहे.

खरी मोजणी कशी करतात?

माझ्या घमेल्यात आणि त्यांच्या यंत्रात फरक काय, तो पाहा. त्यांच्या भांड्यावर झाकण असते. पहिला थेंब पडताच झाकण आपोआप सरकते आणि पाऊस थांबला की पुन्हा बंद होते. त्यामुळे कोरडी धूळ आत जात नाही. जागा रस्ता, धुराडे व झाडांपासून दूर निवडतात. बाटली क्षारविरहित पाण्याने धुतात आणि नमुना थंड जागी ठेवतात.

मग नुसता सामू पाहून थांबत नाहीत. सल्फेट, नायट्रेट, क्लोराइड, अमोनियम, सोडियम, पोटॅश, चुना व मॅग्नेशियम हे सगळे मोजतात. हे क्षार धन व ऋण विद्युतभाराचे असतात आणि दोन्ही बाजूंची बेरीज जुळावी लागते, जसा संस्थेचा ताळेबंद. जुळली नाही तर कुठेतरी चूक आहे असे समजून नमुना पुन्हा तपासतात. शिवाय जागतिक संघटनेतर्फे वर्षातून दोनदा वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगशाळांकडे सारखेच पाणी तपासायला जाते. म्हणजे एकच गाडी सगळ्यांच्या काट्यावर चढवायची आणि कोणाचा काटा मारतो ते पाहायचे!

सामू एकटा का पुरत नाही, तेही सांगतो. समजा पावसात गंधकाम्लही भरपूर आहे आणि धुळीतला चुनाही भरपूर आहे. सामू सहाच्या वर दिसेल आणि वाटेल की हवा निर्मळ आहे. प्रत्यक्षात ती दुहेरी मळलेली असेल. आपल्या दहा केंद्रांच्या १९८० नंतरच्या नोंदींत सामू हळूहळू खाली आलेला आणि नायट्रेट वाढलेले दिसते. म्हणजे धुळीचा चुना पूर्वीइतका पुरा पडेनासा झाला आहे.

आपल्या भागाचे काय?

चंद्रपूर जिल्ह्यात कोळसा आहे, चुनखडी आहे, सिमेंटचे कारखाने आहेत आणि १९८० च्या दशकापासून मोठे औष्णिक वीजकेंद्र आहे. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचा निर्देशांक काढला तेव्हा चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ गुण मिळाले आणि ते 'अतिप्रदूषित' यादीत वरच्या क्रमांकांत आले. असले गुण जास्त मिळणे चांगले नव्हे!

कोळशात गंधक शेकडा अर्धा टक्का धरला तरी एक टन कोळशामागे पाच किलो गंधक, म्हणजे दहा किलो गंधकवायू होतो. राख पकडण्याची यंत्रे हा वायू पकडत नाहीत. त्यासाठी चुनखडीच्या पाण्याने धूर धुवावा लागतो. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने वीजकेंद्रांसाठी या वायूची मर्यादा घातली. पुढे मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली. जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातल्या बहुसंख्य केंद्रांना सूट मिळाली आणि अतिप्रदूषित क्षेत्रांजवळच्या केंद्रांचा निर्णय एकेका केंद्रापुरता वेगळा घ्यायचे ठरले.

सावली चंद्रपूरपासून सरळ रेषेत सुमारे ५० किलोमीटर पूर्वेला आहे. पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा पश्चिम व नैर्ऋत्येकडून येतो. मोठ्या वीजकेंद्रांची धुराडी २००-२७५ मीटर उंच असतात, त्यामुळे वायू जवळ न पडता दूर जातो आणि शेकडो किलोमीटर जाऊ शकतो. तेव्हा आपल्या पावसाबद्दल प्रश्न विचारणे रास्त आहे. चंद्रपूर, घुग्गुस, बल्लारपूर या भागांत मापन होते ते हवेचे. पावसाच्या पाण्यासाठी नागपूरकडेच पाहावे लागते, आणि नागपूरचा आकडा सावलीला लावणे म्हणजे शेजाऱ्याच्या माती परीक्षणावरून आपल्या वावराला खत घालणे होय.

एकराचा हिशेब

आता थोडा हिशेब करू. एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी. वर्षाचा पाऊस १,३०० मिलिमीटर धरा, एकरी ५२ लाख लिटर झाले. उदाहरणादाखल दर लिटरमध्ये एक मिलिग्रॅम गंधक धरला तर एकरी पाच किलोवर गंधक आभाळातून पडला. सुपर फॉस्फेटच्या ५० किलोच्या पोत्यात जवळपास तेवढाच, साडेपाच किलो, गंधक असतो. उसाला गंधक लागतो, म्हणजे हे फुकटचे खतच झाले! युरोपात धूर कमी झाल्यावर मोहरीवर्गीय पिकांत गंधकाची कमतरता दिसू लागली आणि शेतकऱ्यांना तो विकत घालावा लागला.

मग जमीन आंबट होत नाही का? पाच किलो गंधकाचे आम्ल मारायला सुमारे १६ किलो चुनखडी लागते. आता दुसरी बाजू पाहा. सुरू उसाला आपण युरियातून एकरी १०० किलो नत्र देतो. त्यातून जमिनीत जे आम्ल तयार होते ते मारायला सुमारे १८० किलो चुनखडी लागते. म्हणजे आभाळापेक्षा आपलाच हात दसपट मोठा आहे! कन्हार जमिनीत चुना असतो, ती हे सोसते. सिहार व बरड जमिनीत तो कमी असतो, तिथे दर तीन वर्षांनी सामू तपासावा आणि शेणखत सोडू नये.

उसाच्या पानावर आम्लाचे डाग दिसण्यासाठी पावसाचा सामू साडेतीनच्याही खाली जावा लागतो. म्हणून पान पिवळे दिसले की आधी निचरा, लोह व नत्र पाहा. पण एवढ्यावरून धूर निर्दोष ठरत नाही. आपल्या मागचे जंगल, मामा तलाव आणि बोड्या यांना कोणी चुना टाकत नाही. आणि तोच वायू व बारीक धूळ आपल्या पोराबाळांच्या छातीत जाते, तिथे चुनखडीचा हिशेब चालत नाही.

आपण काय करावे?

१. पाचट जाळू नका. त्याच्या धुरातून नत्राचे वायू व काजळी हवेत जाते. एकरी चार टन पाचटात १६ ते २० किलो नत्र असते. ते सरीत आच्छादन म्हणून ठेवा. दुसऱ्याच्या धुराबद्दल बोलायचे तर आधी आपला धूर बंद हवा.

२. पाऊस पाहायचा असेल तर धुतलेले प्लास्टिकचे भांडे पाऊस सुरू झाल्यावरच उघड्यावर ठेवा आणि थांबताच झाका. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा व किती मिलिमीटर पडला ते लिहा. उन्हाळ्यानंतरचा पहिला पाऊस वेगळा ठेवा, कारण हवेतला सर्वांत जास्त मळ तोच धुऊन आणतो.

३. पिकाची तक्रार असेल तर पानाबरोबर मातीचा नमुनाही आणा. नुसत्या पानावरून निदान सांगण्याची चूक मी पुन्हा करणार नाही.

४. सावली-गडचिरोली भागात पावसाचे रसायन मोजणारे केंद्र असावे, अशी मागणी हवामान खाते व प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करण्याचा ठराव येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडावा, अशी माझी सभासदांना विनंती आहे.

काट्यावर आपला विश्वास का असतो? कारण तो सर्वांसमोर असतो आणि त्याची तपासणी होते. पावसाचाही असाच काटा आपल्या भागात असायला हवा. तो असेल तर "पाऊस आंबट झाला" म्हणणाऱ्याला पुरावा मिळेल, आणि तसे नसेल तर विनाकारण धास्ती राहणार नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी